शंभर टिलव्यांमधला एक

रात्रपाळी सुटली की मी घरी न जाता आधी तलावावर जाते. घरचे बोलून थकले. रात्रभर मायक्रोस्कोपला डोळे लावून बसलं की डोळ्यांना काहीतरी लांबचं बघायला लागतं, असं मी त्यांना सांगते. खरं कारण एवढं शहाणपणाचं नाही.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. बरंचसं काम आता मशीन करतं, पण मशीनला शंका आली की स्लाइड आमच्यापुढे येते. मग डिफरन्शियल काउंट. काचेवर पसरलेल्या, रंगवलेल्या रक्ताच्या थरातल्या १०० पांढऱ्या पेशी एकेक करून बघायच्या आणि कुठली कोणत्या प्रकारची, ते काउंटरवर दाबत जायचं. पहिल्या वीस-पंचवीस पेशींतच वाटायला लागतं, कळलं, सगळं नॉर्मल आहे. तिथे थांबायचं नाही, हे मला शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. जी पेशी तिथे असायला नको, ती पहिल्या विसांत भेटत नाही. ती ८३वी असते, नाहीतर ९७वी.

एवढं लांबण लावलं, कारण मी पक्षीही असेच बघते. चिखलावर टिलव्यांचा, म्हणजे लिटल स्टिंटचा थवा उतरला की एका टोकाने सुरुवात करायची आणि एकेक करून दुसऱ्या टोकाला जायचं. टिलवा, टिलवा, टिलवा, छोटा चिखल्या, टिलवा. माझ्यासोबत एकदा आलेली मैत्रीण अर्ध्या तासात कंटाळून गाडीत जाऊन बसली. तिचं चुकलं असं मला वाटत नाही.

ती सप्टेंबरातली सकाळ होती. रात्री दोन-अडीच तास जोराचा पाऊस झाला होता आणि उजाडताना थांबला होता. तलावाच्या उथळ बाजूला चिखलाची एक लांबट जीभ उघडी होती, तीवर टिलवे. वारा समोरून, त्यामुळे पाण्यावर बारीक लाटा. उंची फार तर दोन बोटं. मी बांधाच्या उतारावर बसून मोजायला लागले आणि ६४व्या पक्ष्यावर अडकले.

तो मोठा होता. फार नाही, पण टिलव्यांच्या रांगेत तो मधेच कुणीतरी मोठ्या साइझचा शर्ट वाळत घालावा तसा दिसत होता. आणि पांढरा. पोट तर पांढरंच, पण पाठही काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, एखाद्या चौकड्याच्या कापडासारखी. चोच काळी, सरळ. पाय काळे. हे सगळं मी नंतर वहीत लिहिलं. त्या क्षणी मला फक्त एवढंच कळलं, की हा पळतोय.

टिलवे पळत नाहीत असं नाही, पण त्यांचं मुख्य काम खाली मान घालून टाके घालत जाणं. शिलाई मशीनची सुई चालावी तशी चोच चालते. हा पक्षी मात्र पाण्याच्या कडेशी उभा होता. लाट मागे सरकली की तो तिच्यामागे धावायचा, ओल्या चिखलात दोन-तीनदा टोचायचा, आणि पुढची लाट आली की तुरुतुरु मागे पळायचा. पाय इतके भराभर की दिसेनात. चावी दिलेलं खेळणं वाटावं. दोन बोटं उंचीच्या लाटेपासून तो जीव वाचवून पळत होता! समुद्रकिनाऱ्यावर आयुष्य काढणाऱ्या जातीचा हा पक्षी. त्याच्या लेखी पाणी म्हणजे येणार आणि जाणार. तलावाच्या या लाटेला भिजवण्याइतकाही दम नाही, हे त्याला सांगणार कोण.

सँडरलिंग. आर्क्टिकच्या अगदी उत्तरेकडच्या टुंड्रात अंडी घालतो आणि उरलेलं वर्ष जगभरच्या वाळूच्या किनाऱ्यांवर लाटांच्या मागे-पुढे पळण्यात घालवतो. वजन ५०-६० ग्रॅम, म्हणजे टिलव्याच्या दुप्पट. समुद्राकाठी तो इतका नेहमीचा, की तिथले पक्षीनिरीक्षक त्याच्यावरून नजर सरळ पुढे नेतात. आत जमिनीवर, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर लांब, तो दिसला की आम्ही हात थरथरत फोन शोधतो.

माझे हात मात्र लगेच फोनकडे गेले नाहीत. त्याला कारण आहे, आणि ते सांगायला जरा लाज वाटते.

पाच वर्षांपूर्वी याच तलावावर मी एक सँडरलिंग 'पाहिला' होता. एकटाच पक्षी, शेजारी तुलनेला दुसरा कुणी नाही, कोवळं ऊन अंगावर पडून फिकट दिसणारा. मी उत्साहाने नोंद करून टाकली, फोटोही जोडला. नोंदी तपासणाऱ्यांकडून अतिशय सभ्य शब्दांत एका ओळीचा प्रश्न आला: मागचं बोट दिसतंय का? या कुळातल्या बहुतेक पक्ष्यांना पायाच्या मागच्या बाजूला एक छोटं बोट असतं. सँडरलिंगला ते नसतं. मी माझाच फोटो मोठा करून पाहिला. मागचं बोट असं ठळक, की जणू मला चिडवायलाच बाहेर काढलं होतं. टिलवा होता. नोंद मी स्वतःच काढून टाकली. नंतरचे दोन महिने कुणी 'सँडरलिंग' म्हटलं तरी माझे कान गरम व्हायचे.

म्हणून या वेळी आधी बसून राहिले. उडताना पंखावरची रुंद पांढरी पट्टी दिसेपर्यंत थांबले. खांद्यापाशी गडद डाग आहे हे पाहिलं. टिलव्यांच्या मधोमध तो उभा राहील अशी वाट पाहिली आणि तेव्हा फोटो काढले, म्हणजे मापाबद्दल पुन्हा वाद नको. आणि शेवटी, तो चिखलातून वर कोरड्या कडेला आला तेव्हा पायांचे एकवीस फोटो काढले. पक्ष्याचा चेहरा सोडून एकवीस वेळा पाय टिपणारी बाई बघून बांधावरून जाणारे एक आजोबा थांबले. काय बघताय, विचारलं. मी म्हटलं, "बोटं मोजतेय." ते काही न बोलता पुढे गेले.

मागचं बोट नव्हतं.

मैत्रिणीला फोन केला, तीच गाडीत बसणारी. ती म्हणाली, "अगं, वाट चुकलाय बिचारा." सगळे हेच म्हणतात. मीही म्हणायचे. आता मला ते पटत नाही.

नकाशा समोर घेऊन बघा. उत्तर ध्रुवाच्या कडेने उन्हाळा काढणाऱ्या पक्ष्याला दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर पोचायचं तर मधे अख्खा खंड आडवा पडलेला असतो. काही पक्षी किनाऱ्याकिनाऱ्याने वळसा घालून जातात, पण बरेचसे सरळ जमिनीवरून जातात. ते आपल्याला दिसत नाहीत, कारण ते रात्री आणि फार वरून जातात. ग्रेट स्नाइप नावाच्या पाणलाव्याच्या भाईबंदावर स्वीडनमध्ये बारीक यंत्रं बसवून अभ्यास झाला. ते पक्षी रात्री साधारण दोन हजार मीटर उंचीवरून उडत आणि दिवसा चार हजारांच्या आसपास चढत. एक तर ८,७०० मीटरपर्यंत गेला. त्या उंचीवरून आमचा तलाव म्हणजे मायक्रोस्कोपखालची एक पेशी. तीही फारशी लक्ष न वेधणारी.

म्हणजे दुर्मिळ काय आहे? पक्ष्याचं इथून जाणं नव्हे. त्याचं इथे उतरणं दुर्मिळ आहे. वही उघडून मी 'दुर्मिळ नोंद' लिहिते तेव्हा प्रवासात आलेला एक व्यत्यय लिहीत असते, प्रवास नाही.

उतरायला काय होतं, तर बहुतेकदा हवा. समोरून जोराचा वारा, पाऊस, दाट ढग. याचा अर्थ ते वादळाला भितात असाही नाही. व्हिम्ब्रेल हा कोरलासारखा किनाऱ्यावरचा पक्षी. होप नावाच्या त्याच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र होतं. २०११ साली ती अटलांटिकवर गर्ट नावाच्या वादळात शिरली. आत जाताना समोरच्या वाऱ्यात २७ तास ताशी जेमतेम चौदा-पंधरा किलोमीटरने रेटत राहिली, आणि मधून पार झाल्यावर तोच वारा पाठीशी घेऊन ताशी दीडशेच्या आसपास सुटली. पण समुद्रावर उतरायची सोयच नाही, म्हणून रेटत राहणं आलं. जमिनीवर असताना, खाली पाणी चमकत असताना, पेट्रोल संपत आलं असताना कोण कशाला रेटेल?

पेट्रोल म्हणजे चरबी. या बाबतीत मला बार-टेल्ड गॉडविटचं, आपल्या पाणटिवळ्याच्या भावाचं, प्रकरण सगळ्यात जास्त अचंबित करतं. २००७ साली ई-सेव्हन अशी खूण असलेली एक मादी अलास्काहून निघून थेट न्यूझीलंडला उतरली: साडेअकरा हजार किलोमीटरांहून जास्त, आठ दिवसांहून थोडा अधिक वेळ, मधे न खाता, न पिता, न टेकता. २०२२ साली जेमतेम पाच महिन्यांच्या एका पिल्लाने त्याहूनही मोठा विक्रम केला. अलास्का ते टास्मानिया, १३,५६० किलोमीटर, ११ दिवस. निघण्याआधी हे पक्षी इतकं खातात की वजन दुपटीच्या घरात जातं, आणि मग उडण्याच्या तोंडावर पोटातली यंत्रणाच आटवून टाकतात. गिझर्ड म्हणजे अन्न दळणारी पिशवी, यकृत, आतडी, सगळं आक्रसतं. वाटेत जेवायचं नाही तर स्वयंपाकघर कशाला वाहून न्यायचं! मी रोज यकृताचे रिपोर्ट बघते. आपलं यकृत जरा हललं तर घरदार हॉस्पिटलात जमा होतं.

आता याची दुसरी बाजू. असा पक्षी मधेच पावसाने खाली आणला तर त्याला लगेच पोटभर खाता येतंच असं नाही. आक्रसलेली आतडी पूर्ववत व्हायला वेळ लागतो. म्हणून उतरलेला पक्षी पहिल्या दिवशी नुसता चोच पिसांत खुपसून उभा असेल तर त्याला 'आजारी दिसतोय' म्हणून हुसकून बघू नका. तो आजारी नाही, दमलाय. त्याला उडवलं तर त्याच्याकडे उरलेल्या थोड्या चरबीतून तुम्ही तुमचा फोटो वजा करता.

माझा सँडरलिंग खात होता, त्यामुळे मी निर्धास्त होते. तो या वर्षीचं पिल्लू होता, पाठीवरच्या चौकड्यांवरून ते कळतं. आत जमिनीवर अवचित दिसणाऱ्यांमध्ये पिल्लं बरीच असतात. प्रौढ पक्षी आधी निघून जातात. पिल्लं मागाहून, आईबापांशिवाय, आयुष्यात पहिल्यांदा, अंगात उपजत असलेल्या दिशेच्या भरवशावर. याने तोवर समुद्राची वाळू पाहिली असेल का, हा प्रश्न मला दुसऱ्या दिवशी सुचला आणि मी जरा गडबडले. कारण मग लाटेमागे पळणं तो कुठे शिकला? टुंड्राच्या एखाद्या डबक्याकाठी, की शिकलाच नव्हता आणि पायांनाच ते माहीत होतं? आदल्या दिवशी मी ज्याला हसले होते, ती कदाचित त्याची पहिलीच लाट असेल.

तो तीन दिवस राहिला. चौथ्या दिवशी ७१ टिलवे होते, सगळे टिलवेच. मी दोनदा मोजले.

आता जरा तलावाबद्दल. समुद्राकाठच्या चिखलाला भरती-ओहोटीचं वेळापत्रक असतं. दिवसात दोनदा ताट वाढलं जातं. तलावाला ओहोटी नाही. इथे चिखल उघडा पडतो तो पाणी ओसरल्यावर, आणि त्यात असतात मुख्यतः न चावणाऱ्या बारीक माश्यांच्या लालभडक अळ्या, कायरोनोमिड म्हणतात ते. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, हे कळल्यापासून मला त्यांच्याबद्दल धंद्यातली आपुलकी आहे. पाऊस भरपूर झाला, तलाव काठोकाठ भरला, की चिखल पाण्याखाली जातो आणि उतरलेल्या पक्ष्याला बांधाच्या दगडांवर उभं राहण्यापलीकडे काही करता येत नाही. तलाव अर्धा राहिला की मैदानच्या मैदान उघडं. माझ्या वहीतली उत्तम वर्षं ही पाण्याची वाईट वर्षं आहेत. हे मी कुणासमोर मोठ्याने बोलत नाही. पाणी उतरत चाललं की माझ्या मनात आधी चिखल येतो आणि मग नळ, आणि हा क्रम मला आवडत नाही, पण आहे तो आहे.

दोन वर्षांनी टर्नस्टोन आला. तो खडकाळ किनाऱ्यावरचा पक्षी, चोचीने दगड आणि शेवाळ उलटून खालचे जीव खाणारा. बांधाच्या पिचिंगवर, म्हणजे उतारावर बसवलेल्या दगडांवर, बसला होता, नारिंगी पायांवर, आणि खरंच खडे उलटत होता. एक खडा त्याच्याने उलटेना तर छातीने रेटून बघितलं. मी अकरा मिनिटं पाहिला. बाराव्या मिनिटाला माझ्या उजव्या पायाला मुंग्या आल्या आणि मी, इतरांना वर एवढं शहाणपण शिकवणारी मी, उभी राहिले. तो उडाला. पाठीवरचे काळे-पांढरे पट्टे झगझगले, एक घोगरा कुरकुराट झाला, आणि तो तलावाच्या पार टोकापर्यंत जाऊन परतलाच नाही. माझ्यानंतर अर्ध्या तासाने तिघे जण खास त्याच्यासाठी आले. मी त्यांना सांगितलं, तो आपणहून गेला. ही दुरुस्ती इथे करते.

फॅलरोपांची गोष्ट वेगळी. रेड-नेक्ड फॅलरोप हिवाळा किनाऱ्यावरही काढत नाही, तो चक्क भर समुद्रात काढतो, पाण्यावर तरंगत. स्कॉटलंडच्या शेटलंडमधल्या फेटलर बेटावर २०१२ साली काही फॅलरोपांच्या पायांवर प्रकाश नोंदणारी यंत्रं बांधली होती. त्यातला परत सापडलेला एक हिवाळ्यासाठी अटलांटिक ओलांडून इक्वेडोर आणि पेरूच्या बाजूच्या प्रशांत महासागरात जाऊन आला होता. तर असे दोन एका ऑक्टोबरात आमच्या तलावाच्या मधोमध गोल गोल फिरत होते. भोवरा. फिरण्याने खालचं पाणी वर ओढलं जातं आणि त्याबरोबर खालचे बारीक जीव. मग चोच चिमट्यासारखी उघडझाप करायची. चोचीत अडकलेला पाण्याचा थेंब भक्ष्यासकट टप्प्याटप्प्याने वर तोंडाकडे सरकतो. हे कसं होतं ते २००८ साली संशोधकांनी उलगडलं: पाण्याचा पृष्ठताण. बोटाला टोचून काढलेलं रक्त केशनळीत आपोआप चढतं, त्याच्याच नात्यातलं काहीतरी. मी आयुष्यात हजारो केशनळ्या भरल्या असतील, पण चोचीतून चढणारा थेंब डोळ्यांपुढे आणला आणि पुढचा आठवडाभर प्रत्येक नळी भरताना माझं लक्ष उडत राहिलं. त्या दोघांतला एक डावीकडून फिरत होता, एक उजवीकडून. दोन दिवस होते. तीच ती मैत्रीण या वेळी पूर्ण तीन तास बसली.

तलावाचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. चिखलाची जीभ जेमतेम ऐंशी पावलं लांब आहे. तिथे वीस ट्रायपॉड मावत नाहीत.

या महिन्यातली एक रात्र सांगते आणि थांबते. सव्वातीनच्या सुमारास एक बॅच मशीनवर लावून मी गच्चीवर गेले. ढग खाली उतरले होते, भुरभुर होती, शहराचा उजेड ढगांवर पडून आभाळ मळकट पिवळं झालं होतं. कठड्याला टेकते न टेकते तोच वरून शीळ आली. एकसारख्या सुरात, भराभर, सहा-सात तुकडे. मग पुन्हा, थोडी दक्षिणेला. व्हिम्ब्रेल. कोरलाचा धाकटा भाऊ, मी त्याला समुद्राकाठी कितीदा पाहिलाय आणि ऐकलाय. तलावावर आजवर एकदाही नाही. 

मागून वॉचमनकाका आले. "काय झालं मॅडम?"

"वरून कुणीतरी गेलं, काका."

त्यांनी टोपी मागे सारून वर बघितलं. मीही बघत होते. दोघांच्या तोंडावर पाऊस पडत होता. तिसऱ्यांदा शीळ आली ती इतकी लांबून, की काकांना ती ऐकू आली का हे मी विचारलं नाही.

खाली बॅच झाली होती, मशीनने एका स्लाइडवर शंका काढली होती. काउंटर शून्यावर आणण्याआधी खिशातल्या वहीत लिहिलं: व्हिम्ब्रेल, १, फक्त आवाज, दक्षिणेकडे, उतरला नाही.